हळद लावलेली टायरं

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा तीत पाय जातो आणि पावसाळ्यात भिजते तेव्हा अख्खा माणूस. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं ठरवलं, तर आमच्या शिवारात एकदा एस.टी. बुडाली होती आणि नुसता टप वर राहिला म्हणून कंडक्टर टपावर उभा राहून तिकिटं फाडत होता, तेही सांगावं लागेल. ते राहू द्या. आज सांगायचंय ते मुंजाजीमामाचं, आणि त्यात वाढवायला फार जागा नाही. उलट काही ठिकाणी मलाच हात आखडता घ्यावा लागणार आहे.

पालमहून आलेली डांबरी सडक आमच्या गावाकडं ढुंकूनही न बघता सरळ निघून जाते. जिथं ती असा अपमान करते त्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान. फाट्यापासून गावापर्यंत कच्ची पाणंद. त्या पाणंदीचा राजा म्हणजे मामा, आणि राजाचा हत्ती म्हणजे त्याची पांढरी पिकअप. मामा अंगानं कापसाच्या पऱ्हाटीसारखा वाळका. मिशा मात्र अशा, की त्या दुसऱ्याच कुणा भारदस्त माणसासाठी उगवल्या असाव्यात आणि पत्ता चुकून मामाच्या तोंडावर आल्या असाव्यात. गादीवर उशी, उशीवर मामा, तेव्हा कुठं त्याची टोपी काचेतून दिसायची. गाडी येताना बघणाऱ्याला वाटायचं, टोपीच गाडी चालवायलीय. हॉर्न तर असा वाजवायचा की मामा पालमच्या बाजारातून निघाला की गावात मामी चहाचं आधण ठेवायची.

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मामा चारही टायरांना एकेक लाथ घालून आवाज ऐकायचा. वैद्य नाडी धरतो तसं तोंड करून. मग माझ्या दुकानापुढं थांबून म्हणायचा, "भाच्या, तिसरं टायर आज जरा उदास हाय. हवा बग."

हवा बघायला मी वाकलो की मला टायर दिसायचं. टायर कसलं, वांगं होतं ते. हात फिरवला तर घसरून रस्त्यापलीकडच्या खांबापर्यंत जाईल असं.

"मामा, टायर गोटा झालंय. नक्षी राहिली न्हाई. चिखलात धरायचं कशानं त्यानं?"

"नक्षी बायकांच्या लुगड्याला लागती. माझी गाडी वजनानं धरती."

आता काळ्या मातीचं कसं असतं, की तिचा चिखल टायरच्या नक्षीत भरला की टायर टायर राहत नाही, गोळा होतो. चांगल्या खोल नक्षीचं टायर फिरता फिरता तो चिखल झाडून टाकतं. गोटा टायर त्याला अंगाखांद्यावर खेळवत बसतं. मग जितकी रेस द्याल तितकं ते जागच्या जागी गरगरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. अशा वेळी हवा थोडी कमी करावी, दुसऱ्या गिअरमध्ये पायाला पाय न कळू देता गाडी काढावी. मामाला एकच रीत ठाऊक. पाय दाबायचा. तो असा दाबायचा की चिखल उडून कडेच्या बाभळी काळ्या व्हायच्या आणि बाभळीवरचे बगळे कावळे होऊन उडून जायचे.

आणि गाडी फसली तरी ती फसली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. मामाचं ठरलेलं वाक्य होतं, "गाडी इसावा घ्यायलीय."

एका पावसाळ्यात नाल्याजवळच्या सखल जागी त्या गाडीनं असा विसावा घेतला की विचारू नका. आम्ही माणसं घेऊन धक्का द्यायला गेलो. मामानं काच खाली केली. "गाडीला हात लावायचा न्हाई. तिला थकवा आलाय, जाईल तिची ती." आणि जमीन वाळेपर्यंत हा माणूस आत बसून राहिला. मामी भाकरी तिथं पोचवायची. न्हावी तिथं जाऊन दाढी करून आला. मी शेवटी गेलो तेव्हा साळुंकीनं आरशामागं घरटं केलं होतं आणि मागच्या हौद्यात सांडलेलं सोयाबीन चांगलं शेंगेवर आलं होतं. ऊन पडलं, माती कडक झाली, मामानं गाडी बाहेर काढली आणि हॉर्न दाबून धरत गावातून मिरवली. "बगा. लागला का कुणाचा हात?"

हे नुसतं खूळ होतं असं मात्र नाही. मामा तरुणपणी दुसऱ्याकडं सालगडी होता. मालकाची जीप चिखलात रुतली की मालक आत बसायचा आणि मामा मागून खांदा लावायचा. एकदा माझ्या दुकानात सदऱ्याची गुंडी काढून त्यानं मला उजवा खांदा दाखवला होता. हाड जरा खाली बसलेलं. "दुसऱ्याच्या गाड्या ढकलून झिजला ह्यो. आता माझ्या गाडीला कुणाचा खांदा नको. जीव बी नको कुणाचा, बैलाचा बी नको."

बैल त्याच्याकडं होते. लालकंधारी जोडी, हौश्या आणि तांब्या. पिकअप आली त्या साली त्यानं ती शेजारच्या शेवंताबाईला दिली. शेवंताबाई एकटीनं शेत करणारी बाई. दिवसभरात बोलायची ते पोस्टाच्या तारेएवढं. बैलांना मात्र हा व्यवहार कुणी समजावून सांगितला नव्हता. संध्याकाळी औत सुटलं की दोघं सवयीनं मामाच्या दारात येऊन उभे राहायचे. मामा हॉर्न वाजवायचा. बैल हलायचे नाहीत. मामा आणखी वाजवायचा. बैल रवंथ करायचे. शेवटी मामा गाडी मागं घ्यायचा आणि आमच्याकडं न बघता म्हणायचा, "जनावराला अक्कल नसती. माझ्या गाडीला बगा, कुठं बी उभी करा, दुसऱ्याच्या दारात जाती का?"

पोळ्याला मामाच्या अंगात यायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतात. वर्षभर ज्या जागी जू बसतं तिथं हळद आणि लोणी चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवायला या असं आवतण त्याला द्यायचं. पोळ्याच्या दिवशी त्या खांद्यावर काही ठेवायचं नाही. जू नाही, दोर नाही, माशी बसली तरी हाकलायची. मामाचं म्हणणं, वर्षभर माझं ओझं कोण वाहतं? गाडी. मग मान कुणाचा? आता गाडीला खांदा कुठं असतो यावर त्यानं बराच विचार केला असावा, कारण त्यानं हळद-लोणी चोळलं ते चारही टायरांना.

ज्या वर्षीचं मी सांगतोय त्या वर्षी तर कहर केला. आधी टायर काळंभोर दिसावं म्हणून जळकं ऑइल फासलं. त्यावर हळद-लोणी. त्यावर शिंगाला लावतात तो हिंगूळ, आणि चमक यावी म्हणून वार्निस. बॉनेटवर बाशिंग, टपावर झूल, बंपरला घुंगरमाळ.

"मामा," मी म्हणालो, "पाऊस भुरभुर करायलाय. असल्या टायरावर मुंगी घसरून पडंल. पाणंदीत नेऊ नका आज."

"भाच्या, आज गाडीचा सण हाय. सणाला मी तिला कामाला लावीन व्हय?"

वेशीत बैलांची रांग लागली. मामानं पिकअप रांगेत घातली. मारुतीपुढं बैलांची मंगलाष्टकं झाली तेव्हा गाडीवरही अक्षता पडल्या. सगळं गाव हसत होतं, आणि मामा काचेतून असा बघत होता की जणू लग्न त्याचंच लागायलंय.

मग नैवेद्य. मामानं मामीला बजावलं होतं, बैलाला बैलाच्या मापाचा नैवेद्य असतो, गाडीला गाडीच्या मापाचा करायचा. मामीनं कपाळाला हात लावला आणि घमेलंभर पुरणपोळ्या अन् वर भिजवलेले गहू असं सगळं बॉनेटपुढं मांडलं. गाडीनं काही ते खाल्लं नाही. पण आरती करून मामा घरात वळला आणि हौश्या सवयीनं दारात आला. आपल्या जुन्या घरी आपल्यासाठी घमेलं भरून ठेवलंय हे बघून त्याला किती भरून आलं असेल, ते त्यालाच ठाऊक. त्यानं घमेल्याचा तळ चाटला. मामा बाहेर येऊन बघतो तर घमेलं लख्ख. खूश झाला. "बगा रे, गाडी जेवली," म्हणून ओरडत सुटला. हौश्या कोपऱ्यात ओठ चाटत होता आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

दुपार कलायच्या आत हौश्याचं पोट फुगलं. डाव्या कुशीवर टिचकी मारली तर ढोल वाजावा तसा आवाज. तोंडाला लाळ, मान लांब, डोळे वटारलेले. कुणी तेल पाजलं, कुणी पोट चोळलं. शेवंताबाई त्याची शेपटी धरून नुसती उभी. गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते म्हणाले, "मी फाट्यापर्यंत येतो, माझी मोटारसायकल पाणंदीनं यायची नाही. जनावर फाट्यावर आणा. लवकर आणा."

बैलाला दहा पावलंही चालवत नव्हतं. सगळ्यांनी मामाकडं पाहिलं. मामाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा इतका लहान झालेला पाहिला. नैवेद्य कुणी खाल्ला होता हे त्याला आता कळलं होतं. "मी हाय ना," तो म्हणाला. "घाला गाडीत."

बांधाला गाडी लावून हौश्याला मागच्या हौद्यात चढवला. बाशिंग, झूल काढायला कुणाला सवड नव्हती. हौश्याशेजारी शेवंताबाई उभी राहिली आणि आम्ही आठ-दहा जण मागून चालत. नाल्याजवळच्या त्या सखल जागी गाडी आली आणि मामानं, दुसरं काय, पाय दाबला.

मागची टायरं गरगरली. हळद, लोणी, ऑइल, वार्निस आणि काळी माती असा तो चिखल आमच्या तोंडावर उडाला. एरवी याच जागी मी तुम्हाला एखादा बगळा पिवळा करून दाखवला असता. गाडी आधी डावीकडं झुकली, मग बुडावर बसली.

"मामा, हात लावू का?" आम्ही विचारलं.

मामानं काच खाली केली. "लांब व्हा. गाडी इसावा—"

मागून हौश्या कण्हला. बैल तसा कण्हतो हे मला माहीत नव्हतं. घशातून नाही, खोल कुठून तरी, म्हाताऱ्या माणसासारखा.

मामाचं वाक्य तिथंच राहिलं. "लावा," तो म्हणाला. एवढ्या हळू की पुन्हा विचारावं लागलं.

आम्ही खांदे लावले. पऱ्हाट्या मोडून चाकाखाली घातल्या, गोणपाट घातलं. टायरानं गोणपाट खाऊन मागं थुंकलं. गावात ट्रॅक्टर दोन. एक दुरुस्तीला गंगाखेडला गेलेला. दुसऱ्याच्या मालकानं सण असा साजरा केला होता की त्याला घरी न्यायलाच ट्रॅक्टर लागला असता. राहिले बैल. गावात दारोदार सजलेले बैल उभे होते, चाळीस खांदे हळदीनं चमकत होते, पण पोळ्याच्या दिवशी बैल मागायचा कुणाला? एक माणूस जाऊन आला. कुणी नाही म्हणालं नव्हतं. जो तो आपल्या बैलाचे गोंडे नीट करत दुसरीकडं बघत होता. त्यांची चूक नव्हती. मी बैल ठेवून असतो तर मीही तेच केलं असतं.

शेवंताबाई केव्हा उतरून गेली ते कळलं नाही. परत आली तेव्हा एका हातात तांब्याचा कासरा, खांद्यावर जू. तांब्याची झूल, गोंडे, बाशिंग तिनं काढून ठेवलं होतं. पोळ्याच्या दिवशी तो एकटाच बैल उघडा दिसत होता. खांद्यावरची हळद तेवढी राहिली होती.

"जू आणलंय," ती म्हणाली. "दुसरा बैल कुठून आणू, मुंजाभाऊ? दुसरा तर वर हाय."

मामा खाली उतरला. चिखलात घोट्यापर्यंत गेला. टोपी काढून गादीवरच्या उशीवर ठेवली. जुवाची एक बाजू तांब्याच्या खांद्यावर आली आणि दुसरी मामानं उचलून आपल्या उजव्या खांद्यावर घेतली.

"मामा, मी येतो तिथं," कुणी तरी म्हणालं.

"न्हाई."

स्टिअरिंगवर मला बसवलं. दुसरा गिअर, पाय हलका. काचेवर बाशिंगाच्या मुंडावळ्या लोंबत होत्या, आणि त्यांच्यामधून मला समोर दोन पाठी दिसत होत्या. एक तांबूस, एक मळकट सदऱ्याची. दोर ताणला गेला. तांब्यानं मान खाली घातली. मामानंही घातली. दोघांचे पाय घसरायचे, पुन्हा रोवायचे. बैलाला निदान खूर असतात. मामाचा पाय घसरला की जू कलायचं आणि तांब्या थांबायचा. तो सावरला की पुन्हा ओढायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हौश्याबरोबर ओढताना तो असंच करत असणार.

मागून आम्हा सगळ्यांचे, म्हणजे त्यांचे, खांदे होतेच. पण गाडी हलली ती पुढून. सजवलेली गाडी, आणि तिला ओढणारे ते दोघं. हसायला सगळं होतं तिथं. पण आरशात मला मागची तोंडं दिसत होती. एकही वर नव्हतं. घमेलं चाटताना बघून हसणारे आम्हीच होतो.

फाट्यावर डॉक्टर थांबलेच होते. त्यांनी कुशीत सुई खुपसली आणि हौश्याच्या पोटातून जो वारा सुटला तो माझ्या दुकानातल्या सगळ्या ट्यूबा भरून वर दोन ट्रकला पुरला असता. हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. थोड्या वेळानं हौश्यानं मान हलवली, शेण टाकलं. जगला.

सगळे मोकळे हसले. मामा हसला नाही. तो तांब्याजवळ उभा होता. जुवानं हळद पुसून गेली होती, तिथं काळ्या चिखलाचा पट्टा होता. मामानं आपल्या टोपीनं तो पुसायला घेतला. पुसून पुसून त्या जागेचे केस उलटे झाले. शेवंताबाईनं त्याच्या हातातून कासरा घेतला, रागानं नाही, नेहमीसारखाच.

"उद्या औताला नेत न्हाई ह्याला," ती म्हणाली. "आजचा इसावा उद्या घील त्यो."

एवढंच बोलली. मामाकडं बघूनही नाही. पण तो शब्द ऐकून मामा असा दचकला, की जणू भर चौकात कुणी त्याचं धोतर फेडलंय.

गावानं टिंगल केली असती तर मामा तगला असता. टिंगलीला उत्तर द्यायला त्याच्याकडं मिशा होत्या. कुणी काही बोललंच नाही. तो वाडीवस्तीवरून गेला की लोक गप्प व्हायचे आणि पाऊस-पाण्याचं काढायचे. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं माझ्याकडून खोल नक्षीची टायरं बसवून घेतली. लाथा घालणं बंद. हॉर्न बंद. मामी आता अदमासानं आधण ठेवायची आणि चहा उकळून उकळून आटायचा. गाडी कधी अडली तर तो आपण होऊन उतरायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्याला म्हणायचा, "जरा हात लावता का, भाऊ?" ते ऐकवत नसे. माणसं धावत जाऊन धक्का द्यायची, ते ऐकावं लागू नये म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र तो शेवंताबाईच्या गोठ्यात जायचा. ती वाटीत हळद-लोणी कालवून ठेवायची आणि आत निघून जायची. हौश्याचा खांदा तो मळायचा तेव्हा काहीबाही बोलायचा. तांब्याचा मळताना एक शब्द नाही. मळून झालं की त्या जागी हात ठेवून थांबायचा. बैल कंटाळून बाजूला व्हायचा तेव्हा हात निघायचा.

पुढं हौश्या म्हातारा होऊन गेला. मामानं गाडी काढून टाकली, मुलाकडं परभणीला राहायला गेला. मला वाटलं, सुटला.

गेल्या पोळ्याला एस.टी. फाट्यावर थांबली आणि तीतून मामा उतरला. मिशा पांढऱ्या, आणि आता त्या खरोखरच दुसऱ्या कुणाच्या वाटत होत्या. पाऊस पडून गेलेला. जाईल तिथवर जाईल म्हणून मी मोटारसायकल काढली.

"बसा मामा, सोडतो."

"नको रे भाच्या. आज कुणालाच ओढाय लावायचं न्हाई."

वहाणा हातात घेऊन तो पाणंदीला लागला. मी दुकान बंद करून मागून गेलो. वेशीत पोचलो तेव्हा रांग लागली होती. सगळ्या जोड्या, आणि शेवटी एकटा तांब्या, कानाजवळ पांढरा झालेला. त्याच्या डाव्या अंगाला हौश्याची जागा रिकामी होती. मामा तिथं जाऊन उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल, वहाणा अजून हातात. कुणी हसलं नाही, कुणी सरकायला सांगितलं नाही.

शेवंताबाई ताट घेऊन आली. तांब्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पोळी भरवली. मग तिचा हात पुढं सरकला आणि जणू रांगेतला पुढचाच असल्यासारखं तिनं मामाच्या कपाळालाही कुंकू लावलं. त्यासाठी तिला जरा वाकावं लागलं. मामानं मान खालीच घातली होती.

ती पुढं गेली तरी त्यानं ती वर केली नाही.